पाचशे ओंडके

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. अभ्यंगस्नाने उरकली होती, अंगणात कारिटे फुटली होती आणि घरची सारी मंडळी फराळाच्या ताटांभोवती जमली होती. अशा वेळी आमच्या घरात सर्वांत मोठा आवाज असतो तो माझ्या धाकट्या भाचीचा. पण त्या दिवशी ती चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होती आणि गप्प होती. ती पुण्यास राहते. नोकरी मात्र करते सातासमुद्रापलीकडच्या एका कचेरीची. म्हणजे जात कुठेच नाही. घरातल्याच एका खोलीत संगणकापुढे बसते. तिचे सहकारी तीन देशांत विखुरलेले, आणि त्यांतल्या एकालाही तिने अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आमच्या पिढीला हे सारे थोडे भुताटकीसारखेच वाटते. पण पगार वेळेवर येतो, तेव्हा भूत सज्जन असले पाहिजे, असे म्हणून आम्ही सोडून देतो.

"काय गं, पगार कमी पडतो की काय?" मी विचारले.

"पगाराचं काही नाही, मामा," ती म्हणाली. "चार महिने खपून एक काम केलं. ते परवा वरिष्ठांपुढे मांडलं, आणि त्यावर नाव दुसऱ्याचंच! तो साहेबाच्या शेजारच्या टेबलाशी बसतो, मी इथे बसते, एवढाच फरक. विचारलं तर म्हणाले, तू झोपली असशील म्हणून तुला बोलावलं नाही. एरवी रोज रात्री अकराला बोलावतात, तेव्हा नाही आठवत माझी झोप!"

मग तिने आम्हांला शास्त्रच सांगितले. अमेरिकेत जॉन स्टेसी अ‍ॅडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये असे मांडले की, माणूस आपल्या पदरात काय पडले एवढेच पाहत नाही. आपण किती घातले आणि किती मिळाले याचा मेळ तो शेजाऱ्याने किती घातले नि त्याला किती मिळाले याच्याशी घालून पाहतो, आणि तो जमला नाही की कामावरचे त्याचे मन उडते. पुढच्या विद्वानांनी त्यात भर घातली. वाटणी न्यायाची झाली का, हा एक प्रश्न. ती ठरवण्याची रीत न्यायाची होती का, हा दुसरा. आणि ठरवणाऱ्याने आपल्याशी माणसासारखे वागून, कारण सांगून ठरवले का, हा तिसरा. माझ्या आजीला हे तिन्ही प्रश्न न शिकता ठाऊक होते. पंगतीत तूप किती वाढले, कोणापासून वाढायला सुरुवात केली आणि वाढताना तोंड कसे केले, या तीन गोष्टींवरून आमच्या घराण्यात दोन पिढ्यांची भांडणे झालेली आहेत.

भाची बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक निराळाच माणूस उभा राहिला होता. सिक्कीमचा, लिहितावाचता न येणारा, हिमालयापलीकडच्या अरण्यात एका नदीच्या काठी उभा राहून फूटभर लांबीचे लाकडाचे ओंडके मोजून मोजून पाण्यात सोडणारा. रोज पन्नास. दहा दिवस. त्याची हकिकत मी त्या दिवशी भाचीला सांगितली. तीच येथे थोडी सविस्तर सांगतो.

परंतु सुरुवात सिक्कीमपासून न करता हिंगणघाटापासून करावी लागेल. वर्धा जिल्ह्यातले हे कापसाचे गाव माझे आजोळ. तेथे एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. १८०२ साली मद्रासजवळून त्याने हिंदुस्थानची जमीन त्रिकोणांनी मोजायला प्रारंभ केला, आणि ती मोजीत मोजीत उत्तरेकडे सरकत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास तो वारला. लहानपणी आम्हांला वाटे की हा कोणी लढाईत पडलेला सरदार असावा. लढाई नव्हती, होता तो थोडा पितळेचा, थोडा काचेचा आणि बराचसा आकड्यांचा कारभार. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पुढे डोंगर होता, आणि डोंगरापलीकडे तिबेट. तेथे गोऱ्या माणसाला मज्जाव. दुर्बिणीतून हिमालयाची शिखरे मोजता येत होती, पण शिखरांपलीकडे ल्हासा नेमके कोठे आहे, ब्रह्मपुत्रा कोठून येते, हे नकाशावर पांढरेच होते.

हा पांढरा भाग भरण्याची युक्ती १८६२ च्या सुमारास टॉमस माँटगोमेरी या अधिकाऱ्याला सुचली. गोऱ्याला बंदी आहे, पण व्यापारी आणि यात्रेकरू तर येजा करतातच. मग त्यांतलाच एखादा शिकवून पाठवला तर? पहिला गेला अब्दुल हमीद. तो यारकंदपर्यंत पोहोचला आणि परतताना १८६४ मध्ये वाटेतच मरण पावला. त्याची टिपणे तेवढी परत आली. दुसरा निवडला तो कुमाऊँमधल्या मिलम गावचा शाळामास्तर, नैनसिंग. मास्तर म्हणून त्याला 'पंडित' म्हणत, आणि त्याच्यावरून पुढे या साऱ्या हेरमोजणीदारांनाच पंडित हे नाव पडले. पगार महिना वीस रुपयांच्या आसपास.

त्याची तयारी देहराडूनला दोन वर्षे चालली होती, आणि ती मोठी पाहण्यासारखी असली पाहिजे. चढ असो, उतार असो, चिखल असो, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे; मैलाला सुमारे दोन हजार. गळ्यात बौद्ध यात्रेकरूची जपमाळ. पण बौद्धांच्या माळेत १०८ मणी असतात, हिच्यात नेमके १००. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. हातात फिरवायचे प्रार्थनाचक्र. त्याच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी अंतरे आणि दिशा टिपलेल्या चिठ्ठ्या. पेटीला खोटा तळ आणि त्याखाली सेक्स्टंट. कवड्यांत लपवलेला पारा. तो वाटीत ओतला की झाले सपाट क्षितिज. उंची काढायची ती पाणी उकळून. जितके उंच जावे तितके पाणी लवकर उकळते, म्हणून उकळत्या पाण्यात तापमापक बुडवायचा आणि आकडा टिपायचा. बाजूने जाणाऱ्याला वाटावे, बिचारा चहा करतो आहे!

नैनसिंग काठमांडूवरून निघून जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. तेथे परवानगीवाचून आलेल्या एका चिनी माणसाचा भररस्त्यात शिरच्छेद झालेला त्याने पाहिला आणि त्याच दिवसांत आपले बिऱ्हाड बदलले. पैसे संपले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशोब शिकवून त्याने पोट भरले. शाळामास्तर तो, हाडाचा धंदा कामी आला. परतला तेव्हा सुमारे १,२०० मैल चाललेला होता, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरात पावले, एकेक मोजलेले. ल्हासाची उंची त्याच्या उकळत्या पाण्यावरून ११,६९९ फूट निघाली. खरी उंची तिच्याहून काही शेच फुटांनी अधिक आहे.

आता भाचीचा प्रश्न येथे लावून पाहू. हा माणूस दोन वर्षे साहेबाच्या नजरेआड होता. तो खरोखर चालला, की कोठे डोंगरात बसून आकडे रचले, हे देहराडूनला कसे कळावे? माँटगोमेरी स्वतः तिबेटात कधी गेला नाही. त्याने केले ते इतकेच की, परत आलेल्या माणसाला समोर बसवून प्रत्येक चिठ्ठी तपासली, आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले तेव्हा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्याची बाजू मांडली. सोसायटीने १८६८ मध्ये नैनसिंगाला सोन्याचे घड्याळ दिले. नंतर १८७४-७५ मध्ये त्याने लेहपासून ल्हासावरून तवांगमार्गे आसामपर्यंत आणखी एक अफाट मोजणी केली. तेव्हा हेन्री यूलसारख्या जाणत्या भूगोलज्ञाने स्पष्टच सांगितले की आशियाच्या नकाशात या माणसाइतकी भर आपल्या काळात दुसऱ्या कोणीही घातलेली नाही. १८७७ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक त्याला मिळाले आणि सरकारने रोहिलखंडात जमीन दिली. वीस रुपयांत जीव धोक्यात घातला होता, त्याचे मोल यात फिटले असे मी म्हणणार नाही. पण हिशोब कोणीतरी मांडला होता.

यावरून कोणी असे समजू नये की त्या खात्यात सारे रामराज्यच होते. राधानाथ सिकदार हा बंगाली गणिती १८३१ मध्ये तीस रुपयांवर लागला आणि पुढे मुख्य गणक झाला. ज्याला आपण आज एव्हरेस्ट म्हणतो त्या शिखर क्रमांक १५ च्या उंचीच्या गणितात त्याचा मोठा वाटा मानला जातो. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि १८६५ मध्ये शिखराला नाव लागले ते एका निवृत्त साहेबाचे. ते एक असो. शिखरांच्या नावांत न्याय शोधू नये. पण मोजणीच्या एका मोठ्या ग्रंथात राधानाथाने गणिताचे भाग लिहून दिले होते. १८५१ च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याचे ऋण मान्य केलेले होते. १८७० मध्ये तो वारला, आणि १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ते ऋण गळाले! मजकूर तोच, नाव तेवढे नाही. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच पत्राने १८७६ मध्ये या कृत्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. याच राधानाथाने १८४३ मध्ये खात्याच्या हमालांना वेठीला धरणाऱ्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटला अडवले होते आणि दोनशे रुपये दंड भरला होता. आपल्या वाट्याच्या मानाविषयी त्याने एवढे भांडण केल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही. दुसऱ्यावरचा अन्याय पाहून उसळणे सोपे जाते. आपल्यावरचा बोलून दाखवताना जीभ अडते.

नैनसिंगाचा चुलतभाऊ किशनसिंग. कागदोपत्री त्याचे नाव होते 'ए-के'. कृष्णा या नावातली पहिली आणि शेवटची अक्षरे उलटी केली की झाले टोपणनाव. १८७८ मध्ये निघालेला हा माणूस साडेचार वर्षांनी परतला. मंगोलियाच्या वाटेवर लुटला गेला, सोबतचा एकजण उरलेसुरले घेऊन पळाला, पोटासाठी उंट राखावे लागले. एकदा चोरांच्या भयाने सारा तांडा घोड्यावर बसून दौडू लागला. याला पायी चालू देईनात. तेव्हा याने घोड्याची पावले मोजली. शेवटपर्यंत सोबत राहिला तो छुंबेल नावाचा एक गडी. घरी येऊन पाहतो तो एकुलता एक मुलगा मरून गेलेला. सरकारने त्याला जमीन आणि रायबहादूर ही पदवी दिली. १९२१ पर्यंत तो जगला.

आणि आता किंठुप.

किंठुप पंडित नव्हता. दार्जिलिंगकडचा एक सोबती, सामान वाहणारा, वाटा ठाऊक असलेला काटक माणूस. त्या वेळी एक मोठा वाद होता. तिबेटातून पूर्वेकडे वाहत जाणारी त्सांगपो हीच आसामातली ब्रह्मपुत्रा की दुसरीच कुठली नदी? मध्यंतरीच्या शंभर-दीडशे मैलांत ती एका भयंकर घळीत नाहीशी होते. तेथे कोणी गेलेला नव्हता. कॅप्टन हार्मन या अधिकाऱ्याने १८८० मध्ये एका चिनी लामाला या कामी नेमले आणि त्याचा नोकर म्हणून किंठुपला जोडून दिले. नदीकाठाने जमेल तितके खाली जा. अगदीच जमले नाही तर खुणा केलेले ओंडके रोज ठरलेल्या संख्येने नदीत सोडा. आसामात आमची माणसे पहारा करतील. ओंडके सापडले की नदी एकच, हे सिद्ध! योजना अशी की शेंबड्या पोरालाही कळावी.

लामा मात्र निराळ्याच धातूचा निघाला. वाटेत एका गावी तो यजमानाच्या बायकोच्या नादी लागला आणि तेथेच चार महिने गेले. शेवटी प्रकरण मिटवायला किंठुपला पंचवीस रुपये भरावे लागले. नोकराने मालकाच्या प्रेमाची भरपाई केली! पुढे मे १८८१ मध्ये एका झोंगपाशी, म्हणजे आपल्याकडच्या गढीसारख्या ठिकाणी, लामाने किंठुपला तेथल्या अधिकाऱ्यास गुलाम म्हणून विकून टाकले आणि आपण सामानसुमान घेऊन पसार झाला.

किंठुप तेथे गुलामी करीत राहिला आणि १८८२ च्या वसंतात पळाला. आता विचार करा. ज्याच्या हाताखाली नेमले त्याने विकले, पैसा नाही, उपकरणे नाहीत, आणि काम मुळात त्याचे नव्हतेच. ते लामाचे होते. सरळ घरची वाट धरली असती तर त्याला कोण नावे ठेवणार होते? तो घरी गेला नाही. नदीकाठाने खाली निघाला. माग काढीत माणसे आली तेव्हा त्याने मारपुंग येथील मठात जाऊन तेथल्या लामाचे पाय धरले. त्या भल्या माणसाने पन्नास रुपये मोजून त्याला विकत घेतले. म्हणजे गुलामी सुटली नाही. मालक तेवढा बरा मिळाला.

काही महिन्यांनी यात्रेला जातो म्हणून किंठुपने रजा घेतली, अरण्यात शिरून पाचशे ओंडके तोडले आणि एका गुहेत लपवून ठेवले. मग तो मुकाट्याने मठात परत आला. ओंडके लगेच का सोडले नाहीत? कारण इतका काळ लोटल्यावर आसामात कोणी वाट पाहत असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. आधी कळवले पाहिजे. दुसऱ्यांदा यात्रेची रजा काढून तो थेट ल्हासाला गेला. तेथे सिक्कीमच्या ओळखीच्या माणसांकडून त्याने पत्र लिहवून घेतले. दार्जिलिंगच्या नेमसिंगाच्या नावे, हार्मनसाहेबाला कळवण्यासाठी. लामाने मला विकले, तरी हुकमाप्रमाणे पाचशे ओंडके तयार केले आहेत, तिबेटी वर्षाच्या दहाव्या महिन्यातल्या पंचमीपासून पुढे रोज पन्नास सोडीन, असा मजकूर. आणि हे पत्र रवाना करून तो पुन्हा मठात, पुन्हा चाकरीला. नऊ महिन्यांनी मठाच्या प्रमुखाने त्याची ही यात्राभक्ती पाहून त्याला मुक्त केले. ठरल्या दिवशी किंठुप गुहेपाशी गेला आणि त्याने ओंडके सोडले. पन्नास, पुन्हा पन्नास, पुन्हा पन्नास.

खाली कोणी नव्हते.

हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता आणि १८८३ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारला. पत्र ज्याच्यासाठी होते तो उरला नव्हता, आणि ज्याच्या खांद्यावर ते काम पडावे असा दुसरा कोणी नेमलेला नव्हता. ओंडके ब्रह्मपुत्रेतून वाहत गेले असतील, कोणा कोळ्याने सरपणाला नेले असतील. बाकीचे समुद्राला मिळाले असतील. किंठुप नदीच्या काठाने आणखी खाली, आसामच्या सीमेच्या जवळपास पोहोचला. पुढच्या टोळ्यांच्या मुलुखातून वाट मिळेना म्हणून परत फिरला आणि ल्हासावरून हिंडत १८८४ च्या अखेरीस, चार वर्षांनी, घरी आला. आई वारली होती. प्रथम त्याने तिचे दिवस केले आणि मग सरकारला हकिकत सांगितली.

तेथे तिसराच घोळ झाला. त्याला लिहिता येत नव्हते. त्याने सांगितले ते एकाने लिहून घेतले, दुसऱ्याने त्याचे इंग्रजी केले, आणि छापून आले तेव्हा त्यात मुख्य नदीवर दीडशे फुटांचा एक प्रचंड धबधबा होता! किंठुपने सांगितला होता तो धबधबा वरच्या बाजूच्या एका लहान ओढ्याचा. नदीवरची उडी सांगितली होती ती तीसेक फुटांची. छापण्यापूर्वी त्याला कोणी वाचून दाखवले असते तर त्याने तेव्हाच कानाची पाळी धरली असती. परिणाम मोठा विचित्र झाला. जे तो बोललाच नव्हता त्या धबधब्यावर युरोपातले भूगोलज्ञ तीस वर्षे स्वप्ने रंगवीत राहिले, आणि जे त्याने केले होते त्यावर मात्र अनेकांनी शंका घेतली. ना पदक, ना जमीन. किंठुप दार्जिलिंगला शिवणकाम करू लागला.

मला वाटते, नैनसिंग आणि किंठुप यांच्यातला फरक पराक्रमाचा नाही. नैनसिंगाची वही त्याच्या हातची होती आणि ती वाचणारा साहेब जिवंत होता. किंठुपचे तोंड दुसऱ्याचे होते आणि त्याचा साहेब मेलेला होता. दूरच्या चाकरीत माणूस कितीही खपो, त्याची बाजू मांडणारा एकजण कचेरीत असावा लागतो. तो गेला की मागे उरतात फक्त ओंडके.

१९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या घळीत शिरले आणि किंठुपने सांगितलेली गावे, अंतरे, वळणे एकामागून एक खरी निघत गेली. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा. बेलीचे मोठेपण असे की, परत आल्यावर त्याने प्रथम चौकशी केली ती किंठुप जिवंत आहे का याची. तो होता, म्हातारा झाला होता. धबधब्याचा घोळ त्या भेटीत उलगडला. प्रश्न विचारायला तीस वर्षे लागली, उत्तराला घटका लागली नसेल. बेलीने त्याच्यासाठी लहानशा निवृत्तिवेतनाची खटपट केली. सरकारने विचार केला की म्हातारा किती वर्षे जगेल याचा नेम नाही, खर्च वाढत जाईल. त्यापेक्षा एकरकमी द्यावे. एक हजार रुपये मंजूर झाले. त्यानंतर लवकरच किंठुप वारला. निवृत्तिवेतन दिले असते तर सरकारचे पैसे वाचले असते.

फराळाची ताटे एव्हाना रिकामी झाली होती. भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण मामा, खाली कुणी नाही हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने सोडले असते का ओंडके?"

मी म्हणालो, "सोडले असते."

"तुम्हांला तसं वाटावंसं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही इतिहासवाले चाकरी करणाऱ्याच्या निष्ठेवर फार खूश असता. मला विचाराल तर त्याने जे केलं त्यातली खरी गोष्ट ते पत्र आहे. आधी कळवलं, मग काम केलं. तो भोळा नव्हता. कुणीतरी पाहायला हवं, हा हक्कच आहे असं त्याला वाटत होतं."

या उत्तराला माझ्याजवळ तोड नव्हती. ओंडक्यांची हकिकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी शेवटी त्याच्या चिकाटीचे गोडवे गायिले आहेत. पत्राकडे माझे लक्षच गेले नव्हते. पडती बाजू सावरावी म्हणून मी विषय पालटला.

"तुझ्या त्या चार महिन्यांच्या कामात आणखी कुणाचा हात होता का गं? एकटीनेच केलंस सगळं?"

"एकटीनेच," ती चटकन म्हणाली. मग थांबली. "म्हणजे... मनिलाला एक मुलगा आहे. सगळे आकडे तपासून तोच पाठवायचा. रात्र रात्र जागून."

"तू जो मसुदा वर पाठवलास, त्यावर त्याचं नाव होतं?"

तिने उत्तर दिले नाही. उठली, करंजीची बशी हातात घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. ताईने आतून विचारले, "आज सणाच्या दिवशीसुद्धा काम?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजत होते. म्हणजे मनिलाला साडेअकरा झाले असतील.